ओल्या वजनाचा भाव

आमच्या घरात काटकसर हा शब्द कधी कोणी वापरला नाही. तो शब्द ज्यांच्याकडे महिनाअखेरीला काही उरतं त्यांचा. आम्ही नुसतं 'नको' म्हणायचो. रिक्षा नको, चालत जाऊ. पंखा नको, खिडकी उघडा. लग्नाला सगळे नको, एकानेच जाऊन या. 'नको' म्हणताना चेहरा असा ठेवायचा, की ती गोष्ट आपल्याला मुळात आवडतच नाही. या बाबतीत आम्ही तिघंही, म्हणजे मी, बायको आणि मुलगी, इतके तयार झालो होतो की कोणाला खरंच काय आवडत नाही ते एकमेकांनाही कळेनासं झालं होतं.

घर बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, तळमजल्यावर. ते घेतलं तेव्हा माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि जिना चढणं त्यांना शक्य नव्हतं. तळमजल्याचा भाव वरच्या मजल्यांपेक्षा बराच कमी होता. तो का कमी आहे, हे विचारण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. बिल्डरच्या माहितीपत्रकात इमारतीमागे निळीशार नदी होती, नदीत एक होडी आणि होडीत हॅट घातलेला एक गोरा गृहस्थ. खाली 'रिव्हर व्ह्यू' असं लिहिलं होतं. नदीलाही आमचं घर दिसणार आहे, याचा उल्लेख नव्हता.

वडिलांच्या औषधपाण्यासाठी बँकेने त्याच घरावर आणखी कर्ज दिलं आणि वर चहाही पाजला. दीडेक वर्षात वडील गेले. तळमजला राहिला आणि हप्ता राहिला.

त्या दीड वर्षात वडिलांना व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या. त्यांची फी परवडेना म्हणून पुढे आम्ही त्यांना थांबवलं. पण मुलगी शाळेतून आली की रोज त्यांच्याशेजारी बसून बघत असायची. बाई यायच्या थांबल्यावर ती आजोबांचा हात धरून तेच व्यायाम घेऊ लागली. "आजोबा, चीटिंग नाही हं. हा हात नाही, तो." वडील जाण्याआधी त्यांच्या उजव्या हाताची बोटं थोडीशी मिटू लागली होती. त्याचा उपयोग काही झाला नाही, पण मुलीने तेव्हा ठरवून टाकलं की आपण हेच शिकायचं. पुढे ती अकरावीला सायन्सला गेली ती एवढ्यासाठीच.

म्हणून आमचा बेत साधा होता. मुलीची बारावी होईपर्यंत कर्ज संपवायचं आणि तोच हप्ता पुढे तिच्या कॉलेजला भरायचा. दोन्ही एका वेळी जमणार नव्हतं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथला पगार हा विषय फार वेळ बोलण्यासारखा नाही. कंपनीने बस बंद केली तेव्हा मी सायकल घेतली आणि सगळ्यांना सांगितलं, की डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलंय. डॉक्टरकडे मी गेलोच नव्हतो. त्याचीही फी असते.

बायकोचं बाजारावर वेगळंच प्रभुत्व होतं. महिन्यातून एकदा ती उल्हासनगरला जायची. तिथे एका सिंधी दुकानदाराकडे पापडाचा चुरा किलोवर मिळतो. कारखान्यात जे पापड तुटतात ते पोत्यात भरून इकडे येतात. चव तीच, भाव निम्म्याहून कमी. एकदा मी बरोबर होतो. दुकानदाराने पोत्यात हात घालून वरवर अख्खे दिसणारे दोन-तीन पापड बाजूला काढून ठेवले.

बायको म्हणाली, "भैया, वो क्यूं निकाला? वो भी इसी में के हैं ना?"

"भाभी, वो साबुत है. उसका रेट अलग है."

"साबुत लेके क्या फ्रेम करनी है? घर जाके तोडूनच खाणार ना?"

"तो फिर यहीं तोड देता हूं," असं म्हणून त्याने खरंच ते पापड तिच्यासमोर चुरडले आणि तराजूत टाकले. दोघंही हसले. मीही हसलो. बायको त्या दिवशी घरी येईपर्यंत खुशीत होती. आमच्याकडे आनंदाचे प्रसंग साधारण या आकाराचे असत.

मुलगी बारावीत गेली त्या पावसाळ्यात नदी घरात आली.

पाणी दरवर्षी सोसायटीच्या फाटकापर्यंत यायचं आणि परत जायचं, त्यामुळे त्या दिवशी सकाळीही कोणी फारसं मनावर घेतलं नाही. रस्ते बंद म्हणून मी कामावर गेलो नव्हतो. फाटकाशी पुरुषमंडळी उभी राहून चर्चा करत होती. कोणी म्हणालं, बारवी धरणाचं पाणी सोडलंय. दुसरा म्हणाला, बारवीची नदी उल्हासला मिळते ती आपल्या खालच्या अंगाला, तिचा आपल्याशी काय संबंध? यावर वाद रंगला. वाद संपायच्या आत पाणी आमच्या उंबऱ्याशी होतं. हातात आलं ते घेऊन, म्हणजे मुलीची पुस्तकं, कागदपत्रांची पिशवी आणि गॅसची शेगडी घेऊन, आम्ही पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका निवृत्त शिक्षक, एकटे राहतात. त्यांच्या गॅलरीतून आम्ही आमच्याच खिडकीतून पाणी आत जाताना पाहिलं. मुलगी म्हणाली, "आई, फ्रीजचा प्लग काढला होतास?" बायको म्हणाली, "काढला होता. बटणपण बंद केलंय." आणि जरा वेळाने, "नाहीतर बिल येतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं. घरात गुडघ्याच्या खाली चिखल आणि भिंतीवर छातीइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ. फ्रीज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता. वॉशिंग मशीनमध्ये गाळ बसला होता. गाद्या फुगल्या होत्या. लोखंडी पलंगाखाली दोन ट्रंकांत माझी पुस्तकं होती. नोकरी लागल्यापासून जुन्या बाजारातून, रद्दीतून, ग्रंथालयांनी काढून टाकलेल्यातून जमवलेली. ती आता एकमेकांना चिकटून एक झाली होती.

मुलीने काकांचा फोन आणला होता. आमच्यापैकी कोणाच्याच फोनला चार्जिंग नव्हतं.

"आई, थांब. हात लावू नकोस. मी फोटो काढते."

"कशाला? लोकांना दाखवायला?"

"अगं, राहू देत. सगळे काढतायत."

"सगळे काढतायत म्हणून आपण काढायचे? घरात चिखल झालाय, लग्न नाही लागलंय."

मी बायकोचीच बाजू घेतली. आदल्या दिवसापासून काकांच्या फोनवर गावभरच्या पुराची प्रदर्शनं बघून मी वैतागलो होतो. कोणी पाण्यात उभं राहून गाणं लावलं होतं, कोणी रडतानाचा स्वतःचा व्हिडिओ काढला होता, म्हणजे रडता रडता फोन नीट धरला होता. मी म्हणालो, "आपलं दुःख आपल्यापुरतं असलं की पुरे. ते कोणाला पाठवायची गरज नाही." वाक्य मला तेव्हा चांगलं वाटलं होतं.

मुलीने फोन खिशात ठेवला आणि बादली उचलली.

आम्ही तिघांनी ते घर ज्या वेगाने साफ केलं, त्याबद्दल सोसायटीत अजून बोलतात. बाकीचे लोक डोक्याला हात लावून बसले होते तेव्हा आमची फरशी दिसू लागली होती. बायकोचं म्हणणं, माणसं भेटायला येणार, त्यांना काय चिखलात उभं करायचं? शिवाय चिखल वाळला की काढायला मजूर लागतो, ओला असला तर आपला आपल्याला काढता येतो. हे तिचं गणित अगदी बरोबर होतं. भिंतीवरची रेघ तिने ब्रशने घासली. तरी ती पुसट राहिली, तेव्हा मी चुना आणून दोन हात मारले. भिंत कोरडी व्हायच्या आत चुना मारू नये म्हणतात. पण चुना स्वस्त होता आणि मला ती रेघ बघवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी भंगारवाल्यांचे टेम्पो आले. पूर ओसरला की ते येतातच, सरकारच्या आधी येतात. एकाने आमच्या दारात टेम्पो लावला. बायकोने फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पंखा, मुलीच्या टेबलाची लोखंडी चौकट, सगळं अंगणात काढलं. मी म्हणालो, आतल्या मोटारी बघून घेऊ, कदाचित चालतील. ती म्हणाली, "चालवायला मेकॅनिक येणार, तो पैसे घेणार, मग म्हणणार नवीनच घ्या."

शेवटी पुस्तकं. भंगारवाल्याने ट्रंकेत हात घालून बघितलं.

"काकी, हे रद्दीत नाही चालत. अर्धा पानी आहे यात."

"मग काय झालं? गाळ धुऊन दिलाय."

"सुखवून द्या. मंगळवारी येतो."

"वाळवायला जागा कुठाय? आत्ता घे नाहीतर राहू दे. मागे अजून दोन टेम्पो उभे आहेत."

"ओल्या वजनाचा भाव थोडा कमी लागेल."

"भाव कमी कर, पण वजन आहे ते धर. काट्यावर मी स्वतः उभी राहणार."

ती खरंच काट्याजवळ उभी राहिली. पुस्तकांना इतकं वजन असतं, हे मला पहिल्यांदा कळलं. कोरडी असताना त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. टेम्पो गेल्यावर बायको पदराने हात पुसत आत आली आणि म्हणाली, "पाण्याचेसुद्धा पैसे घेतले त्याच्याकडून." मुलगी हसली. मीही हसलो. फ्रीज आणि पुस्तकं मिळून जे आलं त्यात एक दुय्यम प्रतीचं लाकडी दार बसलं.

त्याच संध्याकाळी चौकात मदतवाटप होतं. एका इच्छुक नेत्याने बादली, चटई, मेणबत्त्या आणि बिस्किटांचा पुडा असा संच ठेवला होता. बादलीवर त्याचा हात जोडलेला फोटो. फोटो इतका घट्ट चिकटवला होता, की पुढे आम्ही शेजाऱ्यांच्या बादलीवर तो वर्षभर पाहिला. घेणाऱ्याने देणाऱ्याबरोबर उभं राहून कॅमेऱ्याकडे बघायचं होतं. आम्ही गेलो नाही. बायको म्हणाली, "आपली बादली आहे." आणि ते खरंच होतं; ती वाहून न जाता दारामागे अडकून राहिली होती.

विमा आठवला तो काकांना. आठवड्याभराने ते खाली आले, स्वच्छ घराकडे बघून "वा" म्हणाले आणि मग सहज विचारलं, "तुमच्या कर्जाबरोबर घराचा विमा असेल ना? बँका तो देतातच. घरातल्या सामानासकट असतो कधीकधी."

मी हसलो. कर्ज घेताना मॅनेजरने सह्यांच्या गठ्ठ्यात एक जास्तीची सही घेतली होती आणि "हे कम्पल्सरी आहे, सर" असं म्हटलं होतं. तेव्हापासून दरवर्षी खात्यातून काहीतरी कापलं जायचं आणि दरवर्षी मी त्याला शिव्या द्यायचो. आमच्या घरातला तो एकच खर्च होता ज्याला आम्ही 'नको' म्हणू शकलो नव्हतो. काकांनी पिशवीतली कागदपत्रं मागून घेतली, चष्मा लावून सगळी बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "पूर आहे यात. फ्रीज, मशीन, फर्निचर, सगळं आहे."

बायको खुर्चीवर बसली. मुलगी म्हणाली, "बाबा, म्हणजे कर्ज..." आणि तिने वाक्य पुरं केलं नाही. पुढचं आम्हाला तिघांनाही माहीत होतं. कर्ज संपवण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे वायरिंग, दारं, ओटा यांत जायला लागले होते. ते परत मिळाले, तर बेत अजून जागेवर होता.

विमा कंपनीला फोन केला. सर्व्हेअर चारेक दिवसांनी आला. तरुण मुलगा, गळ्यात ओळखपत्र, पायात रबरी बूट. दारात थांबून त्याने बूट काढले, कारण फरशी चकचकीत होती. बायकोने आदल्या रात्रीच पोह्यांची तयारी करून ठेवली होती आणि वरच्या काकांचे कप आणले होते.

"काकू, प्लीज काही करू नका. आधी डॅमेज बघतो."

"बघा ना. खा आणि बघा."

तो घरभर फिरला. प्रत्येक खोलीत जाऊन परत बाहेर आला.

"सर, डॅमेज कुठेय?"

"काढलं सगळं," मी म्हणालो.

"काढलं म्हणजे?"

"भंगारात दिलं."

"फ्रीज, मशीन, सगळंच? फोटो असतील ना?"

मुलीने माझ्याकडे बघितलंही नाही. तेवढी ती चांगली आहे.

"भंगारवाल्याची पावती?"

"भंगारवाला पावती देतो का हो?" बायको म्हणाली. "काट्यावर मी स्वतः उभी होते. वजन सांगू का?"

मुलगा ओशाळला. "काकू, मला मान्य आहे हो. पण मी काय लिहू? माझं काम आहे ते दिसतंय ते लिहायचं. बाजूच्या घरात मला आत पाय ठेवता येईना. तुमच्याकडे तर..." त्याने हाताने घर दाखवलं. "भिंतीवर पाण्याची खूण तरी?"

मी त्याला कपाटामागे नेलं. तिथे माझा हात पोहोचला नव्हता म्हणून वीतभर रेघ राहिली होती. त्याने वाकून तिचा फोटो काढला. मग दुसऱ्या बाजूने काढला. पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाला, आणि गेला.

पुढे फोनवर संदेश आला. भिंतीच्या रंगापुरती रक्कम मंजूर झाली होती, त्यातूनही घसारा वजा जाता. बाजूच्या घराला पुष्कळ मिळाले. ते लोक पुरानंतरचे आठ-दहा दिवस गावाला जाऊन राहिले होते आणि तोवर घर चिखलासकट कुलूपबंद होतं.

बँकेने मात्र माणुसकी दाखवली. "दोन-तीन महिने हप्ता नाही भरलात तरी चालेल, सर," असं मॅनेजर म्हणाला. चाललं. आणि मग कर्ज केव्हा संपणार ते त्याने संगणकावर बघून सांगितलं, तेव्हा मुलीची बारावी त्याच्या खूप अलीकडे येत होती.

त्या वर्षी तिने जमिनीवर बसून अभ्यास केला. टेबल पुन्हा घेतलं नाही. ती म्हणाली, खाली बसून पाठ ताठ राहते. प्रवेशपरीक्षा दिली. यादीत नाव लागलं, सरकारी कॉलेजात नाही, खासगीत. मी बँकेत गेलो. बँकेत 'नाही' म्हणत नाहीत, 'बघूया' म्हणतात. आधीचं कर्ज आहे, माझी निवृत्ती जवळ आलीय, तारण ठेवायचं घर आधीच त्यांच्याकडे आहे, आणि ते घर पुराच्या पट्ट्यात आहे. शेवटचा मुद्दा सांगताना मॅनेजर दिलगीर दिसला. ते घर घेताना ज्याने कर्ज दिलं तो वेगळा मॅनेजर होता.

सीट पक्की करायची शेवटची तारीख एका शुक्रवारी होती. त्या दिवशी मी कामावर गेलो, बायकोने पीठ मळलं, मुलीने कपडे वाळत घातले. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा ऑफिसं बंद झाली होती. जेवताना मुलीने दुसरी पोळी 'नको' म्हटली.

ती आता उल्हासनगरच्या एका कॉलेजात बी.कॉम.ला जाते. नातेवाईक म्हणतात, कॉमर्स उत्तम, नोकरी लवकर लागते. परवा पुस्तकं घ्यायला आम्ही दोघं गेलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिने एक जाडजूड पुस्तक उचललं, पाठीमागून चाळलं, शिवण बघितली आणि दुकानदाराला म्हणाली, "अंकल, सुरुवातीची पानं नाहीयेत यात."

"बेटा, शुरू में कुछ नहीं होता. एक्झाम में तो नहीं आता."

"तो पैसे किस बात के लगा रहे हो? कमी करा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्याने कमी केले.

बाहेर आल्यावर तिने पुस्तक पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "बाबा, कॉमर्सचं हे बरं असतं. सगळं सेकंडहँड मिळतं. फिजिओची पुस्तकं मिळतच नाहीत म्हणे, लोक सोडतच नाहीत ती." मग जरा चालल्यावर, "तसंही मला ते आता नको वाटायला लागलं होतं."

चेहरा तिने अगदी बरोबर ठेवला होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, पण त्यातून मला काही कळलं नाही. ते तिला आम्हीच शिकवलं होतं.

"रिक्षा करायची का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली.